‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘मी पुण्यात इंग्रजी-मराठी अनुवादाचं काम नुकतंच सुरू केलंय. गेल्या पंधरवड्यात पाच कागद आले. घरकर्जाचा करारनामा, रुग्णालयाचं कार्ड, फौजदारी खटल्यातला अर्ज, बॅटरीवरच्या स्कूटरचं माहितीपत्रक आणि एका अधिकाऱ्याच्या बदलीचा आदेश. पाचही कागदांत चार्ज किंवा डिस्चार्ज होता आणि मी दर वेळी वेगळा शब्द लिहिला. हे चुकलं का? याला एकच नेमका मराठी शब्द नाही का?’

चुकलं नाही. पाच ठिकाणी पाच शब्द हवेतच. मी एकतीस वर्षं हे काम करते आहे आणि सुरुवातीला मलाही वाटायचं की एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द बसला की काम चोख झालं. ‘चार्ज’च्या बाबतीत तसा शब्द मिळत नाही. मिळतं ते एक चित्र, आणि ते मनात ठसलं की पुढचे शब्द मराठी आपणहून पुरवते. ते चित्र आहे गाडीवर लादलेल्या ओझ्याचं.

आजच्या फ्रान्सच्या भागात रोमन लोकांच्या आधीपासून गॉल राहत. माल वाहायच्या त्यांच्या गाडीचा शब्द रोमनांनी उचलला आणि लॅटिनात तो ‘कारुस’ झाला. पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये त्यावरून क्रियापद आलं, ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘चार्जिए’ झालं आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला, त्यातून तो तिथे पोचला. त्या वेळचं फ्रेंच ‘च’ म्हणत असे, आजचं ‘श’ म्हणतं. म्हणून लवकर आलेला ‘चार्ज’ च-ने सुरू होतो आणि नंतर आलेले ‘शेफ’ आणि ‘शॅम्पेन’ श-ने. स्पेलिंगची सुरुवात तिन्हींची सारखीच आहे.

पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये लॅटिनातल्या ‘का’चा ‘चा’ झाला, नॉर्मंडीकडे ‘का’ तसाच राहिला. इंग्रजीने दोन्हीकडून शब्द घेतल्यामुळे तिच्या घरात जुळी भावंडं दिसतात. ‘कॅच’ आणि ‘चेस’ मुळात एकच. त्याच न्यायाने ‘कॅरी’ आणि ‘चार्ज’ एकाच गाडीचे. मराठीला हे नवं नाही. आपण ‘चक्र’ही ठेवलं आणि ‘चाक’ही, ‘क्षेत्र’ही आणि ‘शेत’ही. एक शब्द पोथीतून आला, दुसरा तोंडातोंडी झिजत आला, आणि दोघांनी कामं वाटून घेतली.

या कुटुंबात आणखी कोण आहे ते पाहिलं की ओझ्याचं चित्र पक्कं होतं. ‘कार’ तर उघडच आहे. ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला, अर्थ तोच, लादलेला माल. ‘करिअर’ म्हणजे मुळात गाडीरस्ता, मग शर्यतीचा मार्ग आणि मग आयुष्याची वाटचाल. ‘कॅरिकेचर’ इटालियनमधून आलं. कुणाचं नाक, कुणाच्या मिशा यांवर चित्रकार वाजवीपेक्षा जास्त ‘लादतो’, म्हणून ते लादलेलं चित्र. इथे एक सावधगिरी बाळगा. ‘कुंभकार’ किंवा ‘कारखाना’ यांतल्या ‘कार’चा या गाडीशी काही संबंध नाही. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळवायची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती अनुवादकाला महागात पडते.

आता गाडीत माल भरणं या एका कृतीतून एवढे अर्थ कसे निघाले? ओझं माणसावर ठेवलं तर ती जबाबदारी. पोरं कुणाच्या हवाली केली तर ती त्याच्या ‘चार्ज’मध्ये. दोषाचं ओझं ठेवलं तर आरोप. पैशाचं ठेवलं तर खर्च, आकार, शुल्क. जमिनीवर किंवा घरावर कर्जाचं ओझं चढवलं तर तोही चार्ज. तोफेत दारू ठासली तर तोफ चार्ज झाली. शस्त्र सज्ज करून तुटून पडणं या लष्करी अर्थाची वाटही या शस्त्र भरण्यातूनच गेलेली दिसते. वकिलातीतले ‘शार्जे दाफेर’ म्हणजे शब्दशः ‘कामांनी लादलेला’ माणूस. आपण त्यांना ‘प्रभारी राजदूत’ म्हणतो.

या ‘प्रभारी’पाशी जरा थांबा. त्यात ‘भार’ आहे. हे शब्द घडवणाऱ्यांनी गॉल लोकांची गाडी शोधली असेल असं मला वाटत नाही. मराठी माणसाने ओझ्याचा विचार आपल्या पद्धतीने केला आणि तो त्याच जागी पोचला. पदभार, कार्यभार, अतिरिक्त कार्यभार, प्रभारी अधिकारी, सगळीकडे भार. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत विजेच्या चार्जला ‘प्रभार’ म्हणतात, धनप्रभार आणि ऋणप्रभार. तिथेही तोच. सभेतलं वातावरण ‘चार्ज्ड’ होतं, तेव्हा मराठीत ते भारलेलं असतं. मंत्राने पाणी भारतात, दोरा भारतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोलांचा ठेका एका लयीत पडू लागला की आपण भारावून जातो. यासाठी कुठला नवा शब्द पाडायची गरज कधी पडली नाही. एवढंच कशाला, आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी सदा असलेलं ‘भारी’ही याच घरचं.

‘भार’ संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचा. भृ म्हणजे वाहणं, धारण करणं. इंग्रजीतले ओझ्याचे शब्द, ‘बेअर’ आणि ‘बर्डन’, याच धातूचे दूरचे नातलग आहेत. फारसीत ‘भार’ऐवजी ‘बार’ आहे. तो फारसी शब्द आपल्याकडे दुसऱ्या दाराने आला आणि मुरला. मार्केट यार्डात पोत्यांना बारदान म्हणतात, म्हणजे ओझं ठेवायचं साधन. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगीर सरकारी घोड्यावर बसे. त्या बारगीरमध्येही हा ‘बार’ आहे. आणि बंदुकीत भरतात तोही बार. बार भरणे, बार काढणे, फुसका बार. तोफबंदुकीच्या ‘चार्ज’ला इतका तंतोतंत शब्द आपल्याकडे असताना एका ऐतिहासिक लेखाच्या अनुवादात मी ‘बंदुकीत प्रभार भरला’ असं वाचलं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. शब्द घरात होता, कुणी विचारलं नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश माझ्या टेबलावर कायम असतो तो यासाठीच. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी, वाढवलेली, १८५७ची. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि मेजर कँडीने पूर्ण केला, तो १८४७ला निघाला. उलट बाजूने शोधायची सवय लावा. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजी-मराठी कोशात पाहून काम भागत नाही. मनात आलेला मराठी शब्द मराठी-इंग्रजी कोशात पाहायचा आणि त्याच्या पोटात काय काय आहे ते वाचायचं. जमलं तर डेक्कन कॉलेजात एकदा जाऊन या. तिथे १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा कोश चालू आहे. कागदाच्या लाखो चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात कसा आला त्याचा दाखला. शब्दाचे अर्थ त्याच्या वयाच्या क्रमाने लावायचे असतात, हे त्या कपाटांसमोर उभं राहिल्यावर जसं कळतं तसं व्याख्यानातून कळत नाही.

आता तुमचे कागद. करारनाम्यापासून सुरुवात करते, कारण तिथली चूक सर्वांत महाग पडते.

कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. मुळशी तालुक्यातल्या एका जमिनीचे कागद माझ्याकडे आले. इंग्रजी मजकुरात एका वित्तसंस्थेचा त्या जमिनीवर ‘फर्स्ट चार्ज’ राहील असं होतं. मी लिहिलं, ‘संस्थेचे प्रथम शुल्क राहील’. वाक्य नीट वाचता येत होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. घेणाऱ्या कुटुंबाला वाटलं, काहीतरी फी आहे, भरून टाकू. ज्या वकीलबाईंकडे मी बसत असे त्यांनी नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी तो कागद वाचला आणि मला समोर बसवून विचारलं, ‘सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज कसं लिहितात?’ मी म्हटलं, ‘बोजा.’ त्या म्हणाल्या, ‘मग इथे काय हवं?’

बोजा! गावातला न शिकलेला शेतकरीही सांगतो की जमिनीवर बोजा आहे, बोजा चढवला, बोजा उतरवला. गाडीवर माल चढतो-उतरतो तशीच ही भाषा आहे. ‘फर्स्ट चार्ज’ म्हणजे पहिला बोजा. जमीन विकून पैसा आला तर आधी त्या संस्थेची वसुली, मग बाकीच्यांची. ते कुटुंब फी भरून मोकळं होणार नव्हतं, दुसऱ्याचं कर्ज जमिनीसकट विकत घेणार होतं. त्या रात्री मी पूर्ण दस्त पुन्हा लिहिला. तेव्हापासून कायद्याच्या कागदात ‘चार्ज’ दिसला की मी थांबते.

आणि बोजाला गहाण म्हणू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२चा आहे आणि त्याच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्याच अशी आहे की मालमत्ता रकमेसाठी तारण आहे, पण तो व्यवहार गहाणाचा नाही. कायद्याने मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी अनुवादाने एक करायच्या नसतात.

फौजदारी अर्जात तर एकाच शब्दाच्या तीन पायऱ्या असतात आणि वर्तमानपत्रांत त्या हमखास एकमेकींत मिसळतात. पोलीस तपास संपवून न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र, बोलीतलं ‘चार्जशीट’. न्यायालय ते कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून, कोणत्या गुन्ह्याचा खटला चालवायचा ते ठरवतं ती आरोपनिश्चिती. म्हणजे आरोपपत्र दाखल झालं याचा अर्थ आरोप निश्चित झाले असा होत नाही. त्या टप्प्यावर खटला चालवण्याइतकं काही हाती नाही असं न्यायालयाला वाटलं तर ‘डिस्चार्ज’, म्हणजे आरोप न ठेवताच सोडणं. पूर्ण खटला चालून सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता, आणि तिला इंग्रजीत शब्दच वेगळा आहे. फरक फार मोठा आहे. डिस्चार्ज झालेल्यावर पुढे नवा पुरावा मिळाला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष सुटलेल्यावर मात्र तो निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण या पायऱ्या तशाच आहेत. मी डिस्चार्जला ‘दोषमुक्त’ लिहिते आणि निर्दोष मुक्ततेसाठी तो शब्द चुकूनही वापरत नाही. अर्ज कोणत्या टप्प्यावरचा आहे ते पक्षकाराला विचारल्याशिवाय पहिली ओळही लिहू नका.

‘आरोप’ हा शब्द मला या सगळ्यात सर्वांत देखणा वाटतो. आ आणि रुह्. रुह् म्हणजे चढणं, उगवणं. त्याच्या प्रयोजक रूपातून आरोप, म्हणजे चढवणं, वर ठेवणं. वृक्षारोपणातलं रोप तेच. संस्कृतात धनुष्याला दोरी चढवण्यालाही आरोपणच म्हणतात. तिकडे शस्त्र भरून सज्ज करायला आणि माणसावर दोष ठेवायला एकच शब्द, इकडे धनुष्य सज्ज करायला आणि दोष ठेवायला एकच शब्द. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हे केलं.

मराठी बोलीत मात्र ओझं बहुतेक वेळा माणसाच्या अंगावर येतं आणि प्रत्येक ओझ्याची जागा जणू ठरलेली असते. कर्ज डोक्यावर असतं. जबाबदारी खांद्यावर येते. आळ अंगावर येतो. नको असलेलं काम गळ्यात पडतं. खापर डोक्यावर फुटतं. ललित मजकुरात किंवा साध्या बातमीत ‘चार्ज’ आला की मी आधी अवयव शोधते, मग कोश उघडते.

बदलीच्या आदेशाला फार वेळ देऊ नका. ‘कार्यभार स्वीकारला’ किंवा ‘पदभार स्वीकारला’, दोन्ही चालतं. बातमीत ‘सूत्रं हाती घेतली’ शोभतं, आदेशात नाही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश केलेले आहेत. सरकारी कागदाला तेच शब्द वापरा, स्वतःची प्रतिभा दुसरीकडे खर्च करा.

पैशाचा अर्थ तुमच्या पाच कागदांत नाही, पण उद्या येईलच. इथे मराठीत चार-पाच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याच बिलात वीज शुल्क. आकार म्हणजे वापराची किंवा सेवेची आकारणी केलेली रक्कम. वीज शुल्क म्हणजे सरकारचा कर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष जकात गोळा करतो, तेव्हापासून शुल्काला ही सरकारी छटा आहे, जरी आज प्रवेश शुल्कापासून परीक्षा शुल्कापर्यंत ते सगळीकडे पसरलं असलं तरी. जमीनमहसुलाच्या कागदांतली ‘आकारणी’ही या आकाराचीच सोबतीण. गुलटेकडीच्या बाजारात शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर हमाली आणि तोलाई असते. ‘हमाली’ अरबीतून आलेली, मूळ धातूचा अर्थ उचलणं, वाहणं. ओझं वाहण्याच्या कामालाही हमाली आणि त्याच्या पैशालाही हमाली. ‘चार्ज’चा ओझ्यापासून पैशापर्यंतचा पूर्ण प्रवास या एका शब्दात मावलाय. ‘फ्री ऑफ चार्ज’ला ‘विनामूल्य’ किंवा सरळ ‘मोफत’ लिहा.

स्कूटरच्या माहितीपत्रकात ‘चार्ज करणे’ आणि ‘चार्जिंग’ असंच ठेवा. ‘फोन चार्जिंगला लाव’ असं आजीही म्हणते. तिथे ‘बॅटरी प्रभारित करा’ लिहून वाचणाऱ्याला अडवायचा आपल्याला काही अधिकार नाही. प्रभार पाठ्यपुस्तकात योग्य आहे. या दोन शब्दांची जोडी कशी जमली तेही सांगते. १७४०च्या दशकात युरोपात लेडन जार नावाची काचेची बरणी निघाली, तिच्यात वीज साठवता येई. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन तिच्यावर प्रयोग करत होता. बरणीत वीज भरण्याला तो ‘चार्ज’ म्हणाला आणि ओळीने जोडलेल्या बरण्यांना त्याने ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपण रोज फोन लावतो तेव्हा मूळ चित्रात तोफखाना बार भरतोय.

लाठीचार्जबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण तो बातम्यांत येतोच. अर्धा शब्द आपला, अर्धा त्यांचा. ‘चार्ज’ला धावून जाणं, तुटून पडणं हा अर्थ आहे, मार बसलाच पाहिजे असं नाही. मराठीत आपण ‘लाठीमार’ लिहितो, त्यात मार बसल्याचं विधान आहे. मूळ बातमीत पोलीस नुसते धावून गेले आणि गर्दी पांगली एवढंच असेल, तर ‘लाठ्या उगारून गर्दी पांगवली’ असं लिहा. ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग मी वापरत नाही. ज्याच्या पाठीवर लाठी बसली त्याला ती सौम्य होती हे आपण कोण सांगणार?

राहिलं रुग्णालयाचं कार्ड. ‘डिस्चार्ज’ म्हणजे ओझं उतरवणं, गाडी रिकामी करणं. रुग्णाला सोडलं तर ‘घरी सोडले’. हे शब्द साधे आहेत आणि कार्डावर तेच हवेत, कारण ते कार्ड दमलेला नातेवाईक घाईत वाचतो. त्याच कार्डात जखमेतून ‘डिस्चार्ज’ येतोय असंही लिहिलेलं असेल, तिथे ‘स्राव’. दोन ओळींच्या अंतरावर एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी येतो आणि इथे यंत्राने केलेले अनुवाद पडलेले मी पाहिलेत. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत इतके हजार क्युसेक ‘विसर्ग’ सुरू झाला अशी बातमी येते आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, तो विसर्गही डिस्चार्जच. वि आणि सृज्, म्हणजे सोडून देणं. ‘दुःख’मधली दोन टिंबं म्हणजेही विसर्ग, सोडलेला श्वास. बघा, एका शब्दात धरणही आणि श्वासही. इंग्रजीच्या ‘चार्ज’ने दमलेल्या माणसाने आपल्या भाषेतले असे शब्द मोजून पाहावेत.

पुढे असा कुठलाही कागद आला की तीन गोष्टी विचारा. ओझं कशाचं आहे, ते ठेवतंय कोण आणि ते कुणावर पडतंय. करारनाम्यातलं ते कलम मात्र आजच काढून वाचा. तिथे ‘शुल्क’ किंवा ‘गहाण’ लिहिलं असेल तर ‘बोजा’ करा आणि दस्त नोंदणीला जायच्या आत पक्षकाराला फोन करून सांगा.